टोफूला टोफूसारखं शिजवा

मळणी आटोपली की कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांतून सोयाबीनची पोती बाजार समितीच्या वाटेला लागतात. पुढं त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. घरात मागं राहतं ते दळणाच्या गव्हात टाकायला मूठ-दोन मूठ. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ असे सोयाबीनचे वाण दिले आणि ते या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहेत. त्याच सोयाबीनचा टोफू ताटात आला की मात्र घरातली निम्मी माणसं म्हणतात, “हे कसलं रबर?”

यात टोफूचा दोष थोडा आणि स्वयंपाकाचा जास्त आहे. आपण तो पनीर म्हणून आणतो, पनीरच्या भाजीत घालतो आणि मग तो पनीरसारखा लागत नाही म्हणून रुसतो. त्यात हा मुलूख दुधाचा. 1939 साली चितळ्यांची डेअरी सुरू झाली ती इथल्याच भिलवडीत. चांगलं दूध-पनीर ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना ‘सोया पनीर’ असं लिहिलेलं पाकीट फसवणूकच वाटणार. टोफूबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका नात्यातून निघालेले आहेत.

“हे बनावट पनीर असतं”

सध्या सगळ्यात जोरात असलेला हा समज. हॉटेलांत खऱ्या पनीरच्या नावाखाली जे स्वस्त पांढरं काहीतरी खपवलं जातं, त्याला ‘ॲनालॉग’ म्हणतात. ते बहुधा दुधाची भुकटी आणि पामतेलासारखं वनस्पती तेल यांच्यापासून बनतं. टोफूचा त्याच्याशी काही संबंध नाही. भिजवलेलं सोयाबीन वाटायचं, उकळायचं, गाळायचं, ते दूध फाडायचं आणि दाबायचं, एवढाच टोफू. चीनमध्ये तो किमान हजार वर्षं खाल्ला जातोय. दंतकथेवर विश्वास ठेवायचा तर दोन हजार वर्षं, कारण हुआइनानचा राजपुत्र लिउ आन यानं तो शोधला असं तिकडं सांगतात. पदार्थ अस्सल आहे, फक्त पनीर नाही. दुकानदारानं तो पनीर म्हणून विकला तर खोटा दुकानदार.

“त्याला चवच नसते”

हे अर्धं खरं आहे. टोफूत मीठ जवळजवळ नसतं आणि पाणी भरपूर असतं. पनीरमध्ये वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी, तर घट्ट टोफूतसुद्धा सत्तर-पंच्याहत्तर टक्के. त्यामुळं पनीरसारखे चौकोनी तुकडे करून थेट ग्रेव्हीत सोडले की आतलं पाणी मसाल्याला शिरू देत नाही. बाहेर रस्सा झणझणीत, आत फिक्का गोळा. तेल-मसाल्यात चार तास मुरवूनही फार फरक पडत नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांना वाट देत नाहीत.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही फुकटचे.

पहिला, दाब. टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर वरवंटा किंवा पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवायचं. वीस मिनिटांत बरंच पाणी सुटतं.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो. तुकडे करून त्यांवर चांगलं खारट उकळतं पाणी ओतायचं, पंधरा मिनिटांनी निथळून फडक्यावर पसरायचे. मीठ आत जातं आणि वरचा भाग लवकर कोरडा होतो, तव्यावर चरचरीत भाजला जातो. घाईच्या दिवशी मी दाबणं सोडून देईन, हे सोडणार नाही.

तिसरा उपाय फ्रीझरचा. टोफू रात्रभर गोठवला की आतल्या पाण्याचे स्फटिक होतात. दुसऱ्या दिवशी तो पाघळवून तळव्यांमध्ये दाबला की पाणी निघून जातं आणि मागं जाळी राहते. रंग जरा पिवळट होतो, त्यानं घाबरू नये. ही जाळी रस्सा पिते. तांबड्या रश्श्यात टोफू घालायचा असेल तर असाच घालावा, नाहीतर घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

“पनीरच्याच भाज्या करायच्या ना?”

नको. पालक पनीर, बटर मसाला या भाज्यांची मजा दुधाच्या स्निग्धपणात असते आणि टोफूत तो नाही. काजू-मलईच्या ग्रेव्हीत टोफू पाहुण्यासारखा अवघडून बसतो. त्याची सोयरीक जुळते ती लसूण, मिरची, शेंगदाणा, सुकं खोबरं यांच्याशी, म्हणजे सांगली-सातारच्या रोजच्या फडताळाशी.

भुर्जीपासून सुरुवात करा, कारण ती बिघडत नाही. टोफू हातानं कुस्करायचा, सुरी लावायची नाही. आधी कोरड्या लोखंडी तव्यावर परतून त्यातली वाफ जाऊ द्यायची आणि काढून ठेवायचा. मग तेल, जिरं, ठेचलेला लसूण, सातारी आलं, हिरवी मिरची, भरपूर कांदा. कांदा लालसर झाला की हळद, टोमॅटो आणि नेहमीच्या भुर्जीपेक्षा थोडं जास्त मीठ. टोफू परत घालून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं. वरून कोथिंबीर, सोबत पाव. अंडं न खाणाऱ्यांना गाड्यावरच्या भुर्जीच्या इतकं जवळ नेणारं दुसरं काही मला माहीत नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे म्हाद्या. दाण्याच्या कुटाचा, लसूण आणि लाल तिखट घातलेला हा दाटसर प्रकार सातारा भागात भाकरीबरोबर खातात. कूट नेहमीपेक्षा थोडं कमी घ्यायचं आणि फोडणीत आधी परतलेला कुस्करलेला टोफू टाकायचा. दाण्याच्या तेलाचा खमंगपणा टोफूला लागतो आणि म्हाद्या खाल्ल्यावर येणारं जडपण कमी होतं. कराड-सांगली पट्ट्यातल्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर घरी करत असाल तर शेवटच्या पाच मिनिटांत भाजलेल्या टोफूचे बारके तुकडे घालून पाहा. मसुराच्या दाण्याएवढे नाहीत, पण बोटाच्या पेरापेक्षा मोठेही नकोत.

आणि तव्यावरचे काप. खारट पाण्यातून काढलेल्या टोफूचे अर्ध्या इंचाचे काप, त्यांना कांदा-लसूण मसाला, हळद आणि लिंबू चोळायचं, मग तांदळाचं पीठ आणि बारीक रवा यांत घोळवून कमी तेलात भाजायचं. एक बाजू पूर्ण सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. चिकटला म्हणजे झालेला नाही, एवढं लक्षात ठेवावं.

“पनीरपेक्षा जास्त प्रोटीन”

व्यायामशाळेतल्या तरुणांचा हा लाडका समज. वजनाला वजन धरलं तर पनीरच थोडं पुढं निघतं. 100 ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं, घट्ट टोफूत साधारण 12 ते 17, आणि मऊ टोफूत त्याहून बरीच कमी. टोफूची बाजू भक्कम आहे ती चरबीत. ती पनीरच्या निम्म्याहून कमी आणि बहुतांश असंपृक्त असते. शिवाय सोयाबीनचं प्रथिन डाळींच्या तुलनेत परिपूर्ण असतं. कॅल्शियमचं मात्र गृहीत धरू नये. दूध कॅल्शियम सल्फेटनं फाडलं असेल तर टोफूत ते चांगलं मिळतं, लिंबानं फाडलं असेल तर फार नाही. ब-12 जीवनसत्त्व टोफूत मुळात नसतं, तेव्हा दूध-दही पूर्ण सोडून टोफूवर जाणाऱ्यांनी त्याची वेगळी सोय करावी.

किराणा दुकानातल्या सोया वड्या आणि टोफू एकच, हाही एक घोळ. वड्या तेल काढून उरलेल्या पिठाच्या असतात. त्यांच्या पाकिटावरचा पन्नासच्या वरचा प्रथिनांचा आकडा सुक्या वड्यांचा असतो, भिजून फुगलेल्या नव्हे.

“पुरुषांनी खाऊ नये”

सोयाबीनमध्ये आयसोफ्लाव्होन्स असतात. त्यांची रचना स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनशी थोडी मिळतीजुळती आहे, म्हणून ही भीती. या विषयावर झालेल्या अनेक प्रयोगांची 2010 आणि 2021 साली एकत्र छाननी झाली. दोन्ही वेळा निष्कर्ष हाच निघाला की सोयामुळं पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसत नाही. पैलवानकीच्या या जिल्ह्यांत हे जरा मोठ्यानं सांगायला हवं.

थायरॉइडचं थोडं वेगळं आहे. आहारात आयोडीन पुरेसं असेल तर टोफूनं थायरॉइडचा आजार होत नाही. पण सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांच्या शरीरात ती गोळी शोषली जायला सोया आडकाठी करू शकतं. गोळी आणि टोफू यांत काही तासांचं अंतर ठेवावं आणि रोज खायचं ठरवलं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांना अर्थातच टोफू वर्ज्य.

आणि “सोयाबीन सगळं जीएम असतं” हे परदेशातलं वाक्य आपल्याकडं उसनं आलंय. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. 2021 मध्ये सरकारनं आयातीला मोकळीक दिली ती तसल्या सोयाबीनच्या पेंडीला, आणि ती जनावरांच्या खाद्यासाठी.

“हे शहरी, महागडं खूळ”

सोयाबीन खाण्याचा विचार इथं नवा नाही. 1935 मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत आश्रमवासीयांना सोयाबीन खाऊ घालून पाहत होते आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहीत होते. त्याच सुमारास बडोदा संस्थानातले अन्न सर्वेक्षण अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात तब्बल 300 पाककृती होत्या. तो विचार घराघरांत पोचला नाही, पुढं सोयाबीन आलं ते तेलबी म्हणून.

महाग म्हणाल तर पाकीट महाग आहे. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, म्हणजे पाव किलोला साडेतेरा रुपयांच्या आत-बाहेर. पाव किलोत घरी तीनशे ग्रॅमच्या आसपास टोफू निघतो. गॅस आणि मेहनत वेगळी, आणि पहिल्या खेपेला मेहनतच फार वाटते.

एक गोष्ट शेतकऱ्यांच्या घरी आधी सांगायला हवी. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. धान्य म्हणून ठेवलेलं सोयाबीनच घ्या.

ते निवडून आठ-दहा तास भिजवा, चोळून सालं काढा. आता उग्र वासाचा मुद्दा. तो वास दाण्यात आधीपासून नसतो. दाणा पाण्यात वाटला जातो तेव्हा लायपॉक्सिजनेज नावाचं विकर जागं होतं आणि तो तयार करतं. ते उष्णतेनं मरतं, म्हणून वाटताना उकळतं पाणी घालायचं. मिक्सरचं भांडं निम्मंच भरा, वाफेला वाट ठेवा. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं हे विकर अंशतः काढून टाकलेला ‘एनआरसी 142’ हा वाणही तयार केलाय, पण घरच्या टोफूसाठी गरम पाणी पुरतं.

एकूण दोन लिटर पाणी धरून वाटण पातळ करा, मोठ्या पातेल्यात ढवळत उकळा. हे दुधापेक्षा लबाड असतं. फेस वर येतो तेव्हा उकळी आल्यासारखं वाटतं, पण आली नसते. फेस खाली बसवून खरी उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं द्या, कारण कच्च्या सोयाबीनमधली पचनाला अडथळा करणारी द्रव्यं त्यानंच निकामी होतात. दळणात कच्चं सोयाबीन टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. वीसेक मिनिटं उकळून, वाळवून मगच ते गव्हात मिसळावं.

मलमलीतून गाळा, पुन्हा तापवा, गॅस बंद करून पाचेक मिनिटं थांबा. दोन-तीन लिंबांचा रस अर्धी वाटी कोमट पाण्यात मिसळून तीन हप्त्यांत घाला आणि प्रत्येक वेळी एक-दोनदाच हलकं ढवळा. खसाखसा ढवळलं की चुरा होतो. पाणी पिवळसर, नितळ दिसलं की फडक्यात ओतून अर्धा तास वजनाखाली. पोटात वायू धरणाऱ्या सोयाबीनमधल्या शर्करा बऱ्याच अंशी याच पाण्यातून आणि चोथ्यातून निघून जातात, त्यामुळं उसळीपेक्षा टोफू पोटाला सोसतो. फ्रीजमध्ये पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून तीन-चार दिवस राहतो. बुळबुळीत झाला की फेकावा.

फडक्यात उरलेला चोथा टाकू नका. मात्र तो गाळण्याआधी उकळलेला असला पाहिजे, वर सांगितल्या क्रमानं केलं तर असतोच. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, तीळ, ओवा आणि तिखट घालून त्याचं थालीपीठ लावा. चोथा पाणी धरून ठेवतो म्हणून वेगळं पाणी जपून घाला आणि मधलं भोक जरा मोठं ठेवा, नाहीतर आत कच्चं राहतं.