लाखोळी: दोष डाळीचा की दारिद्र्याचा?

अन्नापासून अपाय होतो तो ते शिळे असल्यामुळे, भेसळीचे असल्यामुळे किंवा जिभेचे चोचले अतोनात पुरविल्यामुळे, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती चुकीची नाही. परंतु अपुरी मात्र आहे. आपल्याच शेतात पिकलेले, निवडून पाखडून स्वच्छ केलेले आणि घरच्या चुलीवर शिजविलेले धान्यदेखील धडधाकट तरुणाला जन्माचा पांगळा करू शकते, हे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटणार नाही. तथापि अशा धान्याचा शोध घेण्यासाठी नागपूरकरांना फार दूर जावे लागत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी लाखोळीची डाळ हेच ते धान्य होय.

कोणी तिला लाख म्हणतात, कोणी लाखोरी, कोणी लाखोडी. हिंदी मुलखात ती खेसारी किंवा तिवरा या नावाने ओळखली जाते. झाडीपट्टीत धान कापणीला येण्यापूर्वी, बांधीत ओल आहे तोवरच, उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकून देतात. या पद्धतीला उतेरा असे नाव आहे. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही; धानाच्या पाठीमागे राहिलेल्या ओलीवर हे पीक उभे राहते. पाऊस अधिक झाला तरी ते टिकते, मुळीच झाला नाही तरी टिकते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्याची डाळ होते, भुसा गुरांना होतो. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा २५ हून अधिक असते. ज्याच्याजवळ विहीर नाही आणि भांडवलही नाही, अशा शेतकऱ्याला निसर्गाने दिलेले याहून स्वस्त देणे दुसरे नसेल.

मात्र या देण्याला एक अट आहे. लाखोळी तोंडी लावण्यापुरती खाल्ली तर ती अन्न असते. दोन-तीन महिने तीच मुख्य आहार झाली, म्हणजे शरीराला लागणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे एक तृतीयांश वा अधिक भाग तिच्यातूनच मिळू लागला, की ती घातक ठरू शकते. मग एखाद्या सकाळी उठताना किंवा दिवसभराच्या कष्टानंतर पोटऱ्या ताठतात, गुडघे जडावतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते आणि पावले कात्रीसारखी एकमेकींवर पडू लागतात. बुद्धी शाबूत राहते, स्पर्शही कळतो. केवळ पाय आपले राहत नाहीत. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील ॲक्टन या डॉक्टरांनी १९२२ साली या रोगाच्या पायऱ्या वर्णिल्या, त्या मोठ्या बोलक्या आहेत: प्रथम एक काठी, नंतर दोन काठ्या आणि शेवटी रांगणे. गेलेली शक्ती परत आणणारे औषध अद्याप सापडलेले नाही. कष्टकरी तरुण पुरुष या रोगाला अधिक बळी पडतात, म्हणजे घरातला कमावता हातच आधी निकामी होतो.

जुना अनुभव

हे ज्ञान नवे नाही. सतत कडधान्य खाणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याचा उल्लेख हिप्पोक्रेटीसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक लिखाणात सापडतो. जर्मनीतील वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ साली या दाण्याच्या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली होती. नेपल्सच्या कान्तानी या वैद्याने १८७३ मध्ये या रोगाला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची साक्ष कर्नल स्लीमन यांची आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे ते सर्वांना परिचित आहेतच. सागर जिल्ह्यात, म्हणजे पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात सामील झालेल्या मुलखात, त्यांनी पाहिलेली हकीगत अशी: १८२९ साली गहू गारपिटीने गेला, १८३० मध्ये अवर्षणाने आणि १८३१ मध्ये तांबेऱ्याने. या तिन्ही वर्षी तिवरा मात्र तरारून आला. लोकांनी तोच पोटभर खाल्ला, आणि १८३३ पासून तिशीच्या आतील तरुणांचे कमरेखालील अंग एकाएकी लुळे पडू लागले.

गहू पिकत होता तोवर तिवरा गावात नव्हता काय? होता; परंतु तेव्हा त्याने कोणाचे पाय नेले नव्हते. तो ताटात एकटा उरला, तेव्हा त्याने आपला गुण दाखविला. या एका गोष्टीत साऱ्या प्रश्नाचे मर्म आले आहे.

विषाचा शोध

हे विष कोणते, याचा उलगडा १९६४ साली झाला आणि तो भारतीय शास्त्रज्ञांनी केला. राव, अडिगा आणि शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव आखडून त्याला आज ‘ओडॅप’ म्हणतात. मज्जापेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. ओडॅपचे रूप त्याच्याशी मिळतेजुळते असल्यामुळे पेशी फसतात, प्रमाणाबाहेर उद्दीपित होतात आणि अखेर मरतात. पायांच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पेशींना याचा फटका विशेष बसतो.

दोन गोष्टी येथे ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली दिलाशाची: हे द्रव्य पाण्यात विरघळते. डाळ भिजत घालून ते पाणी टाकले, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही ओतून दिले, तर विषाचा बराचसा भाग निघून जातो. जोडीला इतर धान्ये आणि भाजीपाला असला तर धोका आणखी कमी होतो. कारण गंधकयुक्त अमिनो आम्ले, जी लाखोळीत कमी आणि तृणधान्यांत अधिक असतात, ती शरीराला संरक्षण देतात असे दिसून आले आहे. दुसरी गोष्ट मात्र चिंतेची आहे. रोपावर पाण्याचा ताण पडला की दाण्यातील ओडॅप वाढते. म्हणजे ज्या वर्षी दुष्काळामुळे लाखोळीवाचून गत्यंतर नसते, नेमकी त्याच वर्षी ती अधिक विषारी असते. आणि त्याच वर्षी दोन पाणी ओतून देण्याइतके पाणी व सरपणही घरात नसते.

मजुरीची डाळ

या रोगाचा भूगोल पाहिला तर तो पिकाच्या नकाशापेक्षा दास्याच्या नकाशाशी अधिक जुळतो. मध्य प्रदेशातील रीवा आणि सतना या जिल्ह्यांत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून बसला होता. तेथे वेठबिगार शेतमजुरांना मजुरी पैशात नव्हे, तर धान्यात मिळे, आणि त्या धान्यात खेसारीचा भरणा असे. मालकाच्या ताटात गहू आणि मजुराच्या ताटात खेसारी. शेत एकच, पीक एकच, हवापाणी एकच, तरी पांगळा होई तो मजूरच. वेठबिगारीचे निर्मूलन करणारा कायदा १९७६ साली झाला, आणि मजुरीत खेसारी देण्याची प्रथा जसजशी ओसरली तसतसा रोगही ओसरत गेला.

याहून भयंकर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. १९४२ साली रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम या जातीचा वाटाणा शिजवून देण्यात आला. काही आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांपैकीच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला, कैद्यांनी ते अन्न नाकारले, तेव्हा कोठे ते बंद झाले. ज्याला दुसरे अन्न निवडण्याची मुभा नाही, त्यालाच ही डाळ मारते, हा नियम रीव्याच्या शेतात आणि युरोपच्या छावणीत सारखाच खरा ठरला.

बंदीचा हिशोब

भारत सरकारने १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत खेसारीच्या विक्रीवर बंदीची तरतूद केली आणि महाराष्ट्रात ती लागू झाली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु बंदी होती विक्रीवर, पेरणीवर नव्हे. बांधीत लाखोळी पिकतच राहिली. जो माल उघडपणे विकता येत नाही त्याला भाव मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. शेतकऱ्याने तो पडत्या भावाने द्यायचा आणि मधल्या माणसाने तो तुरीच्या डाळीत किंवा बेसनात मिसळून तूर-हरभऱ्याच्या भावाने विकायचा, असा हा व्यवहार. बंदीचा तोटा लहान शेतकऱ्याला, नफा भेसळ करणाऱ्याला, आणि धोका मात्र अजाण ग्राहकाला! कारण डाळीचे पाणी ओतून देता येते. बेसनातून विष कसे वेगळे काढणार? आपल्या पाटवडीत काय आहे हे ज्या गृहिणीला ठाऊकच नाही, तिने खबरदारी तरी कशी घ्यावी?

या बंदीविरुद्धचा सर्वांत चिवट लढा नागपुरातूनच लढला गेला. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीच्या बाजूने अनेक वर्षे आवाज उठविला, उपोषणे केली. विदर्भातील माणसे ही डाळ पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत, मग गावोगाव पांगळे का दिसत नाहीत, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. महाराष्ट्र शासनाने २००८ साली बंदी उठविली. परंतु २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत विक्रीबंदी पुन्हा नमूद झाली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्व विदर्भात केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत संशयित रुग्ण अगदी मोजके आढळले. पुढे जानेवारी २०१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी ओडॅप असलेल्या तीन वाणांना अनुकूल शिफारस केल्याचे जाहीर झाले. त्याआधीच्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती, हे विसरता येत नाही. शास्त्राच्या निर्वाळ्याला टंचाईचा मुहूर्त लाभला, असेच म्हणावे लागेल.

दोन्ही बाजूंची अर्धी सत्ये

बंदीचे समर्थक म्हणतात, डाळीत विष आहे. बंदीचे विरोधक म्हणतात, डाळीने येथे कोणी पांगळे होत नाही. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही अर्धी आहेत. विष दाण्यात असते. पण रोग घडतो तो ताटात दुसरे काही नसल्यामुळे. विदर्भात रुग्ण दिसले नाहीत याचे कारण डाळ निर्दोष आहे असे नव्हे, तर डाळीसोबत भात होता, भाजी होती, हे आहे.

लाखोळी याबाबतीत एकटी नाही. सडीक तांदळावरच भागविणाऱ्यांना बेरीबेरी होतो, हे जावा बेटावर आयकमन यांच्या संशोधनातून पुढे आले आणि त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपली ज्वारीची भाकरी पौष्टिक खरी. परंतु दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळतो, याकडे डॉ. गोपालन व श्रीकांतिया यांनी हैदराबादेतून १९६० च्या सुमारास लक्ष वेधले. तांदूळ, ज्वारी, लाखोळी ही तिन्ही सज्जन धान्ये आहेत. एकटी पडली की ती उलटतात. आणि धान्याला एकटे पाडते ते दारिद्र्य.

म्हणून हा प्रश्न केवळ बंदी ठेवावी की उठवावी एवढ्यापुरता नाही. बंदी उठवून गरिबाला स्वस्त लाखोळी मोकळी करून द्यायची आणि तूर त्याच्या आवाक्याबाहेर ठेवायची, हा न्याय नव्हे; रीव्याच्या मालकाचाच तो हिशोब मोठ्या प्रमाणावर मांडल्यासारखे होईल. उलट बंदी ठेवून भेसळीकडे डोळेझाक करायची, हेही लोकहिताचे नाही. कमी विषाचे बियाणे झाडीपट्टीच्या बांधीपर्यंत पोहोचले पाहिजे, डाळ तिच्या खऱ्या नावाने व तपासणीनिशी विकली गेली पाहिजे, आणि ती भिजवून, पाणी ओतून शिजविण्याची रीत शाळेत व अंगणवाडीत शिकविली गेली पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, गहू किंवा भरड धान्याचा हक्क दिला. डाळीचा हक्क दिला नाही. पोट भरण्याची हमी आली, ताट भरण्याची आली नाही.

लाखोळीचा दाणा पाचरीसारखा कोनदार असतो. निवडताना तो वेगळा ओळखता येतो आणि बाजूला काढता येतो. ज्या ताटात निवडायलाच दुसरे काही नसते, तेथे ही दृष्टी उपयोगाची नाही. तेथे मजुरी वाढली पाहिजे, शिधापत्रिकेवर डाळ आली पाहिजे. तोवर कायद्याच्या पुस्तकात डाळीला आरोपी करून खरा अपराधी मोकळाच राहील.