पक्ष्यांची छायाचित्रे

पक्ष्याचे छायाचित्र घ्यावयाचे तर त्याला पिंजऱ्यात कोंडणे हा सर्वांत सोपा मार्ग. परंतु पिंजऱ्यातील पक्ष्याच्या चित्रात त्याचे रूप तेवढे उमटते, त्याचे जीवन उमटत नाही. ते टिपावयाचे असेल, तर आपणच त्याच्या घरी गेले पाहिजे.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ठाण्याजवळ येऊरचे रान आहे; कल्याण-डोंबिवलीजवळून उल्हास नदी वाहते. तिच्या काठी खंड्या, बगळे, वेडे राघू सहज दिसतात. ठाण्याच्या खाडीत तर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली या खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. ओहोटीच्या वेळी हे पक्षी उघड्या चिखलावर दूरवर पांगतात. भरतीचे पाणी चढू लागले, की ते हळूहळू काठाकडे सरकतात. म्हणून जाणता छायाचित्रकार पक्ष्यांच्या मागे धावत नाही. तो भरतीची वेळ पाहून आधीच काठावर जाऊन बसतो. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी घेतो, भडक कपडे टाळतो आणि शक्य तितका स्तब्ध राहतो. थोड्या वेळाने पक्ष्यांची भीती मोडते. मग मान वाकवून, चोच उलटी धरून चिखलपाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खाणारा रोहित त्याला मनसोक्त पाहावयास मिळतो.

या कलेत संयम किती लागतो, हे इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी दाखवून दिले. १८९२ साली त्यांनी अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला! कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात ते तासन्‌तास उभे राहत.

मात्र घरट्याजवळ जाण्याचा मोह आपण टाळावा. टिटवीचेच पाहा. ती उघड्या माळावर खड्यांमध्ये अंडी घालते. भर उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. आपण जवळ गेलो, की ती ओरडत उठते. आपण चित्र घेण्यात रमलेले असतो. इकडे अंडी उन्हात तापत असतात आणि वर कावळा टपलेला असतो. एका चित्रापायी सारी पिले जन्मण्यापूर्वीच नष्ट व्हावयाची! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही रानपक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणे ही शिकारच मानली आहे.

म्हणून पक्षी मान उंचावून आपल्याकडे रोखून पाहू लागला, की आपले पाऊल तेथेच थांबावे. चित्र थोडे लहान आले तरी चालेल. आपण परतल्यावरही पक्षी आपल्या जागी निर्धास्तपणे चरत राहिला, तर आपले छायाचित्रण सफल झाले असे समजावे.