वेळापूरची एक दिवसाची सफर

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते हे गाव वारकऱ्यांच्या पायांखालचे आहे. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वरांची पालखी येथे मुक्काम करते व पुढे माळशिरसवरून वेळापूरला जाते. पालखी जी वाट दोन दिवसांत चालते, ती एस. टी. तास-सव्वा तासात कापते. म्हणून पाठीवर पिशवी टाकून सकाळी नातेपुत्याहून निघालेला प्रवासी वेळापूर पाहून दिवेलागणीला सहज परत येऊ शकतो. पिशवीत भाकरी, पाणी, वही आणि पेन्सिल एवढे असले म्हणजे पुरे.

वेळापूरचे मुख्य वैभव म्हणजे अर्धनारीनटेश्वराचे प्राचीन मंदिर. शिव आणि शक्ती ही दोन नसून एकच आहेत, हा अर्थ या नावातच आहे. मंदिराची बांधणी हेमाडपंती आहे. या पद्धतीत घडीव दगड एकमेकांत असे बसवितात, की चुन्याची गरजच पडत नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्या नावावरून तिला हे नाव मिळाले.

परंतु जाणत्या प्रवाशाचे पाऊल अधिक रेंगाळते ते शिलालेखांच्या विचाराने. यादव राजा रामचंद्रदेव याच्या कारकिर्दीतील मराठी शिलालेख वेळापुरात मिळाले आहेत. त्यांपैकी एक शके १२२२ चा आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन निघतो. म्हणजे हा लेख इ. स. १३०० च्या सुमाराचा ठरतो. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, याच राजाच्या काळात. दोहोंमध्ये अवघे दहा वर्षांचे अंतर! ज्या दशकात ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, त्याच दशकाच्या अखेरीस वेळापुरात टाकीच्या घावांनी तीच भाषा दगडावर उमटत होती.

असे लेख वाचणे सोपे नसते. त्या काळी ‘ए’ची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराआधी उभ्या रेघेने दाखवीत. तिला पडिमात्रा म्हणतात. शब्दही एकमेकांना चिकटून येतात. अभ्यासक लेखावर ओला कागद दाबून त्याचा ठसा घेतात आणि सावकाश एकेक अक्षर लावतात.

ज्ञानेश्वरीच्या पोथीची नक्कल करता येते. मात्र झिजलेला दगड पुन्हा लिहिता येत नाही. कोणी भक्तीने तेल-शेंदूर माखतो, कोणी हौसेने रंग देतो, कोणी खिळ्याने आपले नाव कोरतो. हेतू निरनिराळे, परिणाम एकच. सातशे वर्षे ऊनपाऊस सोसलेले अक्षर माणसाच्या क्षणभराच्या चाळ्याने कायमचे मुके होते.

म्हणून सुज्ञ प्रवासी दगडावर आपले नाव ठेवून येत नाही. दगडावरचे नाव आपल्या वहीत घेऊन येतो. सायंकाळी तो नातेपुत्यात उतरतो, तेव्हा पिशवीतली भाकरी संपलेली असते. पण पिशवी रिकामी नसते.