वन इज टू टेनचा हट्ट

घरच्या घरी सीएनसी प्लाझ्मा टेबल बांधायला घेतलं, की सल्ला देणारे आपोआप जमतात. त्यातला हमखास सल्ला म्हणजे, "मोटरला वन इज टू टेनचा गिअरबॉक्स टाक. ताकद दसपट, अचूकपणा दसपट." डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत विचारा नाहीतर पेडण्यातल्या रस्त्याकडेच्या शेडमध्ये, आकडा तोच. आणि टेबल तयार झाल्यावर तक्रारही तीच: मशीन रांगतं, आणि पळवलं तर मोटर स्टेप सोडते.

गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये बंद पडल्या तेव्हा टिपरच्या दुरुस्तीवर चालणाऱ्या शेडना दुसरं काम शोधणं भाग होतं. आता गेट, रेलिंग, नक्षीच्या जाळ्या हे रोजचं काम आहे. त्यात पत्रा पातळ आणि नक्षी बारीक, म्हणजे मशीनला वेगही हवा आणि वळणावर चपळाईही. दहाचं रिडक्शन नेमकं या दोन्हींच्या मुळावर येतं.

हिशेब साधा आहे. मॉड्यूल १ चा रॅक आणि २० दाती पिनियन घेतलं, तर पिनियनच्या एका फेऱ्यात गॅन्ट्री ६२.८ मिलिमीटर सरकते. दहाचं रिडक्शन लावलं, की मोटरच्या एका फेऱ्याला उरतात ६.२८ मिलिमीटर. पातळ पत्रा मिनिटाला सहा मीटरने कापायचा तर मोटर ९५५ आरपीएमवर फिरायला हवी. रिकामी चाल दहा मीटरची ठेवली, तर जवळजवळ १६०० वर. स्टेपर मोटरचा टॉर्क वेगाबरोबर घसरतो, कारण वेग वाढला की कॉइलमध्ये पुरेसा करंट भरायला वेळच मिळत नाही. नेमा २३ मोटरवर लिहिलेला १९ किलो-सेंटिमीटर हा होल्डिंग टॉर्क आहे, म्हणजे थांबलेल्या मोटरचा. थांबलेल्या मोटरच्या आकड्याला दहाने गुणून पळत्या मशीनची ताकद काढणारे लोक बघितले, की कपाळावर हात मारावासा वाटतो. भरलेला टिपर पहिल्या गिअरमध्ये चढ चढतो, म्हणून तो पहिल्याच गिअरमध्ये पणजीपर्यंत कोणी नेत नाही.

शिवाय ही ताकद हवी कशाला? प्लाझ्माची टॉर्च पत्र्याला टेकतसुद्धा नाही, मिलिंगसारखा कापण्याचा रेटा इथे नसतोच. मोटरचं खरं काम एवढंच, की गॅन्ट्रीला कोपऱ्यात थांबवायचं आणि पुन्हा झटकन पळवायचं. ते रेंगाळलं, तर काप रुंद होतो, खाली मळी चिकटते, आर्कचं व्होल्टेज चढतं आणि टॉर्चची उंची सांभाळणारं यंत्र फसून टॉर्च खाली ढकलतं.

मग रिडक्शन किती? समजा, हलणारी गॅन्ट्री २० किलोची आहे आणि तिला दोन बाजूंनी दोन मोटर आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला १० किलो. पिनियनची त्रिज्या एक सेंटिमीटर, म्हणून मोटरला जाणवणारं जडत्व १०,००० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर. मोटरच्या रोटरचं स्वतःचं जडत्व डेटाशीटमध्ये असतं, ते ४८० धरू. सर्वांत जास्त त्वरण देणारं रिडक्शन म्हणजे या दोन आकड्यांच्या भागाकाराचं वर्गमूळ: साधारण साडेचार. त्यापुढे गेलात, तर मोटरची बरीचशी मेहनत स्वतःचाच रोटर फिरवण्यात जाते. वेगासाठी थोडं खाली या, तीन ते चार. तीनला दहा मीटरची चाल ४८० आरपीएमच्या आत बसते. २० आणि ६० दाती पुली आणि ५ मिलिमीटर पिचचा टायमिंग बेल्ट, काम संपलं.

अचूकपणाचं म्हणाल, तर प्लाझ्माचा कापच दीड मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. औष्णिक कापाच्या दर्जासाठी आयएसओ ९०१३ हे मानक आहे. तेही कापाच्या मापांतली तफावत मिलिमीटरच्या दशांशांत मोजतं. तिथे हजारांश मिलिमीटरच्या बढाया कशाला?

याउलट टोकाचे लोकही भेटतात. "रेटाच नाही, मग रिडक्शन हवंच कशाला?" थेट पिनियन लावलंत, तर एका पूर्ण स्टेपला ०.३१ मिलिमीटरची उडी बसते आणि कडेला लहरी उमटतात. मायक्रोस्टेपिंगने हे भागत नाही. १६ भाग केले, तर एका भागाला मिळणारा टॉर्क मूळच्या जेमतेम दहा टक्के उरतो. घर्षण तेवढा सहज खाऊन टाकतं.

प्लॅनेटरी गिअरबॉक्सचा प्ले कापाची वाट लावतो, हेही ऐकू येतं. १५ आर्क मिनिटांचा प्ले या पिनियनवर ०.०४ मिलिमीटर होतो, विसरून जा. मात्र स्वस्तातल्या, एक अंश ढिल्या गिअरबॉक्सला हाच आकडा ०.१७ होतो, तो नक्षीत दिसतो.

वर्म गिअर लावू नका. तो ऊर्जा खातो आणि झिजला की ढिला होतो.

सर्वोच्या टेबलावर दहाचं रिडक्शन बघून ते स्टेपरला लावणं चूक आहे. सर्वो ३००० आरपीएमपर्यंत टॉर्क टिकवतो, त्याला दहा शोभतं.

प्लाझ्मा पेटल्यावरच स्टेप सुटत असतील, तर दोष रिडक्शनचा नसून बहुधा हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टच्या विद्युत गोंगाटाचा असतो. शिल्डेड केबल आणि अर्थिंग आधी तपासा.

पेडण्याच्या खाऱ्या हवेत रॅक गंजतो, पण म्हणून त्यावर ग्रीस थापायचं नाही. लोखंडाची भुकटी त्यात रुतून दात घासत राहते. पातळ तेलाचा हात फिरवा, जास्तीचं पुसून काढा, पावसाळ्यात हे वरचेवर करा.

गिअरबॉक्स घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे मोटरचा टॉर्क-वेग आलेख मागा, आणि तो तुमच्या पॉवर सप्लायच्या व्होल्टेजचाच असल्याची खात्री करा. आलेख मिळत नसेल, तर मोटर दुसरीकडून घ्या.