वाचकांतून लेखक घडवणारं त्रैमासिक

मार्च १९२० मध्ये कोल्हापूरजवळच्या माणगावात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं, की तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे. तो म्हणजे भीमराव आंबेडकर. त्याच वर्षी ३१ जानेवारीला आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला होता आणि महाराजांनी त्याला २,५०० रुपयांची मदत केली होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलं, त्यांच्यासाठी पाक्षिक काढायचं! ते वाचणार कोण?

या प्रश्नाला गंगाधर पानतावणे यांनी उभं आयुष्य दिलं. १९३७ साली नागपुरात जन्मलेले पानतावणे औरंगाबादला मराठीचे प्राध्यापक झाले. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं त्रैमासिक सुमारे पन्नास वर्षं चालवलं.

त्या काळात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात थेट अमेरिकेचे वारे वाहत होते. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे कृष्णवर्णीय लेखकांविषयी बोलत. पुढे जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत ग्रंथच लिहिला. धागा तसा जुनाच होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र पाठवून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. ड्यू बॉईस यांचं उत्तरही आलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला कृष्णवर्णीय कवी आणि मराठवाड्यातला विद्यार्थी एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण आपलं जगणं आपल्याच शब्दांत लिहायचं, ही दोघांचीही गरज होती.

‘अस्मितादर्श’ची खरी करामत होती ती त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यात. वाचक म्हणजे नुसता वर्गणीदार नव्हे, असं पानतावणे मानत. त्याचे वाचक म्हणजे घरात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेली मुलं. छापील पानावर त्यांना आपली वस्ती दिसे, आपल्या आईचे कष्ट दिसत. मग हेही लिहिण्याजोगं असतं, हे उमगे. कालचा वाचक आज कविता घेऊन येई आणि उद्या ती अंकात छापून येई. दया पवार, यशवंत मनोहर, वामन निंबाळकर अशी नावं या पानांवर दिसू लागली. आधी लेखक आणि मग वाचक, हा नेहमीचा क्रम इथे उलटा झाला!

अमेरिकेशी जुळलेला धागा पुढेही तुटला नाही. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली, ती त्याच्याच नावावरून. आणि २००९ मध्ये पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही कॅलिफोर्नियातच, ओकलंडपासून जवळच असलेल्या सॅन होजे शहरात. अध्यक्ष होते गंगाधर पानतावणे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. ‘मूकनायक’ कोण वाचणार, असं १९२० मध्ये कुणी विचारलं असेल, तर त्याचं उत्तर आज मराठीतल्या कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात कपाट उघडलं की मिळतं.