चित्रफितीची सत्यपरीक्षा

अमरावतीच्या राजापेठेसारख्या वर्दळीच्या भागात अपघात वा चोरी झाली, की तपास अधिकारी आसपासच्या दुकानांवरील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण मागवितात. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल, असे आपणांस वाटते. परंतु संगणकाच्या साहाय्याने चित्रफितीत फेरफार करणे आता अवघड राहिलेले नाही. बनावट फितीमुळे निरपराध माणूस गोवला जाऊ शकतो. म्हणूनच तिची परीक्षा महत्त्वाची ठरते.

फेरफाराच्या खुणा

चित्रफीत म्हणजे एका सेकंदात सुमारे २५ या वेगाने सरकणारी स्थिरचित्रे होत. जागा वाचविण्यासाठी यंत्र ठराविक अंतराने एक चित्र पूर्ण साठविते; मधल्या चित्रांतील केवळ बदल नोंदविते. फीत मध्येच कापून पुन्हा साठविली, की या क्रमात विसंगती उरते. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यातील सूक्ष्म दोषांचा ठसा त्याच्या चित्रांवर उमटतो; परका तुकडा जोडल्यास तो जुळत नाही. सावल्यांची दिशा, ओठ व आवाज यांचा मेळ हेही तज्ज्ञ तपासतात. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत या खुणा पुसट होतात.

जालन्याचा खटला

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना येथे उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत आले की नाही, या वादात निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण महत्त्वाचा पुरावा ठरले. त्यावर १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच सादर केल्यास ते लागत नाही. सर्व प्रयत्न करूनही अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र न मिळालेल्या पक्षकारास न्यायालयाने सूट दिली.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रात ‘हॅश मूल्य’ नोंदवावे लागते. फितीवरून गणिताने काढलेली ही ओळख किंचित बदलानेही पालटते. अर्थात, नोंदीपूर्वी झालेली लबाडी ती दाखवीत नाही. ती तज्ज्ञांनाच शोधावी लागते.

नागरिकांचे कर्तव्य

दुकानातील यंत्र काही दिवसांनी जुन्या चित्रीकरणावर नवे चढविते. म्हणून घटना घडताच पोलिसांना कळवावे, यंत्रातील घड्याळ बरोबर ठेवावे, फीत कापू अथवा फिरवू नये. मूळ फीत सुरक्षित राहिली, तरच सत्य शोधणे शक्य होते.