नंदुरबारची मिरची आणि साठ मायक्रॉनची भिंत

हंगामात नंदुरबार शहराच्या आजूबाजूला मिरचीच्या पथाऱ्या लागतात. बाजार समितीत आलेली ओली लाल मिरची व्यापारी मोकळ्या जागेत उन्हात पसरतात आणि नजर जाईल तिथवर जमीन लाल दिसते. त्यात अवकाळी पावसाची एक सर आली तरी माल काळवंडतो. मिरचीचं पहिलं वैर हे असं पाण्याशी. वाळवून, दळून तिचं तिखट झालं की उजेड आणि हवा हे दोन वैरी आणखी वाढतात. मिरचीला लाली देणाऱ्या रंगद्रव्यांतलं मुख्य म्हणजे कॅप्सॅन्थिन. उजेड आणि प्राणवायू यांच्या सहवासात ते हळूहळू फिकं पडतं.

आता हे तिखट ऑनलाइन ऑर्डरवर पुण्या-मुंबईकडे निघतं, तेव्हा बाहेरून त्याला कुरिअरची पिशवी असते. पांढरी, आतून काळी, वर दुकानाचं नाव छापलेली. ती मागवताना विक्रेता बहुधा आकार आणि दर एवढंच विचारतो. त्या पातळ कागदासारख्या थरात किती अचाट गोष्टी घडलेल्या असतात हे कळलं, तर तो आणखी चार प्रश्न नक्की विचारेल.

पिशवी पॉलिथिनची. हा पदार्थ कुणी मागितला नव्हता. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीचे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन भलतीच अभिक्रिया घडवायला बघत होते. ती झाली नाही. भांड्याच्या तळाशी मात्र पांढरा, मेणासारखा थर सापडला. पुढे महायुद्धात तो रडारच्या तारांवरचं आवरण झाला. आज तेच पॉलिथिन वितळवून एका गोल फटीतून वर सोडतात, आत हवा भरतात आणि छताच्या दिशेने चढत जाणारा उंच फुगा तयार होतो. फटीतून एकाच वेळी तीन थर निघू शकतात. बाहेरच्या थरात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आतल्या थरात काजळी. आतलं दिसू नये म्हणून केलेली ही सोय तिखटाच्या रंगालाही उजेडापासून जपते.

जाडीचं गणित तर मला फार आवडतं. कारखान्यात जाडी 'गेज'मध्ये बोलतात. २०० गेज म्हणजे जवळपास ५१ मायक्रॉन. वेष्टनाच्या प्लॅस्टिकसाठी २०१६ च्या केंद्रीय नियमांत ५० मायक्रॉनची किमान जाडी आहे, म्हणून ५१ हा आकडा जाहिरातींत वारंवार दिसतो. किलोभर तिखटासाठी मी थोडी जास्त, ६० मायक्रॉनची पिशवी घेईन. २५ बाय ३० सेंटिमीटरच्या अशा पिशवीचं वजन काढून पाहा: दोन्ही बाजू मिळून प्लॅस्टिक भरतं जेमतेम आठ-साडेआठ ग्रॅम. त्यावर किलोचा भार लटकतो, फेकला जातो, ओढला जातो, तरी पिशवी टिकते, कारण पॉलिथिनचे लांबलचक रेणू शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. ओढ बसली की ते आधी सरकतात, ताणले जातात. तुटायची वेळ फार उशिरा येते.

मात्र ही भिंत अर्धीच आहे. पॉलिथिन पाण्याची वाफ छान अडवतं, पण प्राणवायू आणि वास त्यातून बऱ्यापैकी आरपार जातात. म्हणून तिखट थेट कुरिअरच्या पिशवीत भरणं चूक. आत अन्नासाठीच बनवलेला, ॲल्युमिनियमचा थर असलेला पाउच हवा, आणि मग त्यावर ही पिशवी. धडगावकडच्या आमचुराला तर हे फारच लागू, कारण ओल लागली की त्याचे गोळे होतात. अख्ख्या वाळलेल्या मिरचीला मात्र पिशवी देऊ नये, तिचा वाटेत चुरा होतो. तिला खोकंच बरं.

खोक्याचा भुर्दंड वेगळा. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल, तर पैसे त्याचे. अर्धा किलो तिखट २५ बाय २० बाय १२ च्या खोक्यात घातलं, तर ते १.२ किलो धरलं जातं. तेच पिशवीत ४ सेंटिमीटर जाडीचं पुडकं झालं, तर ०.४ येतं आणि भाडं खऱ्या अर्ध्या किलोचंच लागतं. म्हणजे खोक्यातल्या रिकाम्या हवेचं भाडं वाचतं.

आणि छपाई! पॉलिथिनला काहीच धरत नाही, शाईसुद्धा त्यावरून निसटते. म्हणून छपाईआधी फिल्मवर हजारो व्होल्टची वीज सोडतात. त्या झटक्याने पृष्ठभागावर प्राणवायूचे गट चिकटतात आणि शाईला पाय रोवता येतात. हा परिणाम दिवसागणिक ओसरतो, त्यामुळे जुन्या फिल्मवरची छपाई कच्ची राहण्याचा धोका असतो. तपासणी घरीच करता येते: नमुन्याच्या पिशवीवर छापलेल्या नावावर सेलोटेप दाबून लावा आणि झटकन ओढा. टेपला रंग आला, तर ऑर्डर देऊ नका. फ्लेक्सो छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते आणि खर्च तिथेच चढतो. नव्या बचत गटाने एकाच रंगात, ठसठशीत अक्षरांत नाव छापावं. पांढऱ्यावर लाल मला तरी पुरेसं देखणं वाटतं.

बंद करायच्या पट्टीवरचा गोंद याच न धरणाऱ्या प्लॅस्टिकवर इतका पक्का बसायला हवा, की उघडताना पिशवीच फाटली पाहिजे. कुणी मध्ये हात घातला तर ते लगेच दिसावं, हाच तिचा उद्देश. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि उष्णतेने असा गोंद मऊ पडतो. तेव्हा नमुना एप्रिल-मेमध्ये एक दिवस बंद गाडीत ठेवून मगच पट्टी ओढून पाहावी.

पत्त्यासाठी पुढची बाजू मोकळी सोडा आणि मागे स्वतःचा पत्ता पिनकोडसकट छापा. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झालेली ही सहा आकड्यांची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याची. ते संस्कृत कवीही होते. नंदुरबारच्या ४२५४१२ मधला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा, आणि शेवटचे तीन आकडे थेट टपाल कार्यालयाचे. शेजारचं गुजरात ३ मध्ये येतं, त्यामुळे नवापूरहून निघालेलं पार्सल काही किलोमीटरांतच दुसऱ्या विभागात शिरतं. चिकटवलेलं लेबल घासलं, फाटलं, भिजलं, तरी छापलेला पिन वाचून ते परत पाठवणाऱ्याकडे येऊ शकतं.